रायफलवाल्यांचा नाद: एवढं काय असतं त्या रायफलीत?

हातात रायफलची केस दिसली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती लांब जाते ओ गोळी?" चहाच्या टपरीवर, एसटीत, पाव्हण्यांच्या घरी, सगळीकडं हाच प्रश्न. साध्या पॉइंट बावीसची, म्हणजे पॉइंट बावीस इंची नळीच्या रायफलची, गोळी वाटेत काही आडवं आलं नाही तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. हे सांगितलं की विचारणारा खूश होतो. पण ज्याला रायफलीचा खरा नाद लागलाय त्याला लांब जाण्याचं काहीच कौतुक नसतं. पन्नास मीटरवर ठेवलेल्या कागदात मागची गोळी जिथं गेली तिथंच पुढची जाते का, एवढंच त्याला बघायचं असतं. त्यासाठी लोक लाखो रुपये आणि वर्षानुवर्षांच्या सकाळी खर्च करतात. का करतात ते समजण्यासाठी ही वस्तू चालते कशी, ते आधी बघावं लागेल.

आपल्या जिल्ह्यात बंदूक म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं रायफल येतच नाही. चंदगड, आजरा, राधानगरीकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्ऱ्यांचा झोत निघतो आणि थोड्याच अंतरात तो फाकतो. उसात शिरलेली रानडुकरं किंवा गवे हुसकावायला बहुधा आवाजच पुरतो, नेमाचा प्रश्न येत नाही. रायफलच्या नळीत मात्र आतून पिळदार आटे कोरलेले असतात. गोळी त्या आट्यांना घासत पुढं सरकते, त्यामुळं बाहेर पडताना ती स्वतःभोवती गरगर फिरत असते. फिरणारी वस्तू आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. पॉइंट बावीसच्या नळीत साधारण सोळा इंचांत एक पूर्ण वेढा असतो. गोळीचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास धरला, तर ती सेकंदाला आठशे फेऱ्या या गतीनं फिरत निघते. म्हणजे मिनिटाला अठ्ठेचाळीस हजार. जेमतेम अडीच ग्रॅमचा शिशाचा तुकडा सरळ जातो तो या गरगरण्यामुळं.

तो वेग सव्वातीनशेच का, यातही एक गंमत आहे. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर प्रतिसेकंद. बाजारात याहून वेगवान पॉइंट बावीस काडतुसं मिळतात, पण स्पर्धेतला नेमबाज त्यांना हात लावत नाही. ध्वनीपेक्षा वेगानं निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि ध्वनीची मर्यादा उलट दिशेनं ओलांडताना डगमगते. ती डगमग टाळायची म्हणून स्पर्धेची गोळी मुद्दाम हळू बनवतात. जास्त ताकद म्हणजे जास्त भारी, हा समज पहिल्यांदा गळून पडतो तो इथं.

आता तो कागद. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे एक सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठं. प्रत्येक पुढचं वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर, आणि तिथं एक गुण कमी. दहा मीटरच्या एअर रायफलला तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. साडेचार मिलिमीटरचा पेलेट, म्हणजे एअर रायफलचा छर्रा, त्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. पण मोठ्या स्पर्धांत हल्ली एवढ्यावर भागत नाही, गुण दशांशात मोजतात आणि अगदी मधोमध बसलेल्या शॉटला १०.९ मिळतात. त्यामुळं दहा मारूनही माणूस तोंड पाडून बसलेला दिसतो. नवीन आलेल्या पालकांना ते कळत नाही. "दहा आलं की पोराला!" म्हणून ते टाळ्या वाजवतात आणि पोरगं ९.९ आणि १०.१ च्या मधल्या कसल्यातरी दुःखात असतं.

रायफलची पुढची आणि मागची साइट, म्हणजे जिच्यातून नेम धरतात ती खूण, यांच्यात साधारण ऐंशी सेंटिमीटर अंतर धरा. पन्नास मीटरवर आठ मिलिमीटरची चूक व्हायला पुढची साइट किती हलावी लागते? सरळ त्रैराशिक मांडलं तर एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त. एक गुण गेला तो एवढ्यात. डोळ्याला हे दिसत नाही असं वाटेल, पण दिसतं. मागच्या साइटला एक बारीकसं छिद्र असतं, मिलिमीटरभराचं. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा नसताना मुठीच्या फटीतून पाटी वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पुढच्या साइटमध्ये एक कडी असते. टार्गेटचा काळा गोल त्या कडीच्या मधोमध आणायचा, चारी बाजूंना पांढरी पट्टी सारखी ठेवायची. गोलात गोल बसवताना जराशी तिरपट झाली तरी माणसाच्या डोळ्याला ती लगेच खुपते. त्यामुळं दुर्बिणीशिवाय, भिंगाशिवाय हा सगळा खेळ चालतो. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीची साइट चालतच नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात.

पहिल्या दिवशीच मजा येते ती या दिसण्याची. कडी, गोल, पांढरी पट्टी, आणि मग लक्षात येतं की सगळं हलतंय. श्वास घेतला की रायफल वर-खाली होते. श्वास धरला तरी ती थरथरते, कारण काळीज चालूच असतं. झोपून नेम धरताना दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून नाडीचा ठोका थेट रायफलला जातो आणि काळा गोल ठोक्यागणिक उडतो. आपलं काळीज असं समोर हलताना बघायची संधी एरवी कुठं मिळते? सराव वाढतो तसं ते हलणं कमी होतं, पूर्ण थांबत मात्र कुणाचंच नाही. चांगला नेमबाज हलणं थांबवायच्या मागं लागत नाही. हलण्याचा आवाका लहान करतो आणि त्या आवाक्यात असताना चाप कधी सुटला हे स्वतःलाही फारसं कळू देत नाही.

चापाचं महत्त्व म्हणून तर एवढं. स्पर्धेच्या रायफलला चाप किती जड असावा याला खालची मर्यादा नाही. बरेच जण तो शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलका ठेवतात. तो दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा बोटाला मोकळा लागतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर किंचित दाब वाढला की शॉट जातो. कुठली रायफल आवडते असं कुठल्याही रेंजवर विचारा, दहातले आठ जण नळीबद्दल बोलण्याआधी चापाबद्दल बोलतील. माझं मतही तेच आहे. नळ्या सगळ्याच नामांकित कंपन्यांच्या चांगल्या असतात, आपल्यापैकी बहुतेकांच्या हातापेक्षा तर नक्कीच. पण भिंत जिथं काल होती तिथंच आज लागणं, हे सुख वेगळं आहे.

आता नावं घेऊ. जर्मनीतलं उल्म हे शहर नेमबाजांसाठी जवळजवळ तीर्थक्षेत्र. आन्शुट्झ आणि वाल्थर या दोन्ही कंपन्या दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं नव्यानं उभ्या राहिल्या. त्याआधी दोघींची मुळं थुरिंजियात होती, आन्शुट्झची १८५६ ची आणि वाल्थरची १८८६ ची. आन्शुट्झच्या 'मॅच ५४' या यंत्रणेवर नेमबाजांच्या पिढ्या वाढल्या. पन्नासच्या दशकातली ती रचना मूळ स्वरूप फारसं न बदलता आजही चालते. तिचं बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागं ओढून पुढं सारताना जो गुळगुळीतपणा जाणवतो त्यावर लोक जीव टाकतात. जुनी आन्शुट्झ विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. फाइनवेर्कबाऊ ही ओबर्नडॉर्फची कंपनी, माउझरमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी काढलेली. एअर रायफलमध्ये तिचा दबदबा. वाल्थरचं एलजी ४०० मॉडेल आपल्याकडच्या कुठल्याही राज्यस्पर्धेत रांगेनं दिसतं. स्वित्झर्लंडची ब्लायकर म्हणजे थोड्या हातांतली, महागडी वस्तू. तिच्याबद्दल बोलताना पोरांचा आवाज आपोआप खाली येतो. नवशिक्यांच्या हातात बहुधा भारतीय बनावटीची प्रेसीहोल असते, आणि शिकायला ती पुरेशी आहे.

पण एखाद्याला आन्शुट्झच का आवडते आणि शेजारच्याला वाल्थरच का, याचं खरं कारण कंपनीत नसतं. रायफल अंगाला बसते की नाही, यात असतं. फोटोतल्या या रायफली यंत्रमानवाच्या हातासारख्या दिसतात. सगळीकडं स्क्रू, पट्ट्या, सरकणारे भाग. गालाचा टेका वर-खाली, आत-बाहेर होतो. खांद्याला टेकणारा भाग लांबवता, वाकवता येतो. चापाची जागाही बोटाच्या लांबीप्रमाणं पुढं-मागं घेता येते. भाड्याची सायकल घेतली की आधी सीट आपल्या उंचीला लावतो, तसंच हे, फक्त इथं मोजमाप अर्ध्या मिलिमीटरचं. गाल टेकवला की डोळा आपोआप छिद्रासमोर यायला हवा. मान ताणावी लागली, डोळा तिरपा करावा लागला की साठ शॉटच्या शेवटी स्नायू दगा देतात. चांगली बसलेली रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. काळा गोल कडीतच असतो. नसेल तर हातानं ओढून आणायचा नाही, पाय सरकवायचा. नवशिक्याला हे पटायला महिने जातात, कारण हातानं ओढलं तर चटकन जमतंय असं वाटतं.

एका प्रकारात तर हे बसवणं तीनदा करावं लागतं, आणि नेमका तोच प्रकार कोल्हापूरला पावला. पन्नास मीटर थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर, मग झोपून, शेवटी उभं राहून, पात्रता फेरीत प्रत्येकी वीस शॉट. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली एक गोल लोड घेतात आणि शरीराचं वजन टाचेवर येतं. पाय बधिर होतो, पण रायफल तुलनेनं शांत राहते. झोपून नेम धरणं सगळ्यांत स्थिर, म्हणून तिथं चुकायची मुभाच नसते. एक नऊ पडला की माणूस मागं पडतो. उभ्यानं मात्र दंडाचा पट्टा वापरता येत नाही, कोपर बरगडीवर किंवा कमरेच्या हाडावर टेकवून पाठ मागं झुकवायची आणि रायफल हाडांवर तोलायची. स्नायू थकतात, हाडं थकत नाहीत, हे तिथलं साधं गणित. पुरुषांच्या पन्नास मीटर रायफलला वजनाची कमाल मर्यादा आठ किलो आहे, म्हणजे उभ्यानं किती तोलायचं ते बघा.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. या प्रकारात भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. अंतिम फेरीत त्यानं चव्वेचाळीस शॉट मारले, म्हणजे सरासरी शॉट १०.२ च्या वर. गुडघ्यावरच्या पंधरा शॉटनंतर तो सहावा होता. अंतिम फेरीत उभ्याच्या टप्प्यात खालचे एकेक बाहेर पडत जातात, आणि तिथं तो वर सरकत गेला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. खाशाबांचं शिक्षणही इथल्याच राजाराम कॉलेजात झालं. एक गोष्ट मनात येते. संस्थानकाळात याच राधानगरी-दाजीपूरच्या रानात राजेलोक शिकारीला जात. १९५८ साली तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि रायफलीचा नाद या तालुक्यात परत आला तो कागदावर.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतची गोष्ट झोपून मारायच्या प्रकाराची. २०१० साली म्युनिचच्या जागतिक स्पर्धेत तिनं पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला. महिलांचा प्रोन प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून ऑलिम्पिकसाठी तिला थ्री पोझिशनकडं वळावं लागलं. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं थ्री पोझिशनचं सुवर्ण आणि प्रोनचं रौप्य घेतलं, आणि पुढं टोकियोपर्यंत ती पोचली. राही सरनोबतचं नाव याच दमात घेतात, पण ती पिस्तुलाची. तो वेगळा संसार.

एअर रायफलकडं लोक थोडं हिणवून बघतात. कारण जत्रेतली एअरगन सगळ्यांनी चालवलेली असते. जोतिबाच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवरची. नळी मोडून भरायची ती बंदूक स्प्रिंगची असते. चाप ओढला की आतला दट्ट्या धाडकन पुढं जातो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत सगळी बंदूक हादरते. साइट वाकडी असतेच, ती वेगळी कला. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये मात्र आधीच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते, दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाबाची. चाप ओढला की एक झडप क्षणभर उघडते. धक्का जवळजवळ नाही, आवाज टिचकीएवढा. पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटरनं निघतो. इतका हळू की शॉट सुटल्यावर लगेच रायफल खाली आणली तर तो नळीत असतानाच नळी हललेली असते. म्हणून शॉट गेल्यावरही एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं, कडीत बघत. पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा हे करायचं. मला विचाराल तर एअर रायफल हीच सगळ्यांत निर्दय. पन्नास मीटरवर वाऱ्याला दोष देता येतो, आणि तो बऱ्याचदा खराही असतो, कारण अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूक गोळीला रिंगभर सरकवते. दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये दोष द्यायला कुणीच नसतं.

गोळ्यांचा नाद आणखी वेगळा. इलेची टेनेक्स, आरडब्ल्यूएसची आर ५०, लापुआ, यांच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, आणि एका रायफलला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. त्यामुळं रायफल शिकंजात आवळून निरनिराळ्या लॉटचे दहा-दहा शॉट मारून बघतात. ज्याची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतात तो लॉट मिळेल तेवढा उचलायचा. कंपन्यांकडं यासाठी खास चाचणी केंद्रं आहेत. आपल्याकडं हे सगळं आयातीवर अवलंबून, त्यामुळं चांगला लॉट हाताशी असलेला माणूस तो सरावाला बाहेर काढत नाही. सरावाला साधी गोळी, स्पर्धेला ती.

घरातल्या कपाटातल्या जुन्या रायफलबद्दलही दोन शब्द, कारण आपल्याकडं काही घरांत ती आजोबांची आठवण म्हणून असते. बहुधा पॉइंट तीनशे पंधरा. इंग्रजांनी लष्कराचं पॉइंट तीनशे तीन सामान्य माणसाला बंद केलं, म्हणून हे वेगळं काडतूस चालू झालं. पुढं आपल्या आयुध निर्माणीनं ली-एनफिल्डच्या धर्तीवर याच बोअरची रायफल बनवली. तिची गोळी पंधरा ग्रॅमच्या वर, पॉइंट बावीसच्या सहापट, आणि खांद्याला बसणारा धक्का दुसऱ्या दिवशीही आठवतो. नेमाच्या दृष्टीनं स्पर्धेच्या रायफलशी तिची तुलनाच नको. पण तिचं लाकूड, लोखंडाचं वजन, बोल्टचा खणखणीत आवाज यावर प्रेम करणारे लोक आहेत आणि मला ते समजतं. या प्रेमाचा गुणांशी संबंध नाही.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा. साडेचार मिलिमीटरची आणि वीस जूल ताकदीच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. पॉइंट बावीसला लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, पोलिसांचा अहवाल, मग मुलाखत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत, पण त्या कामगिरी बघून मिळतात, हौस बघून नाही.

सुरुवात करायची असेल तर रायफल विकत घेऊ नका. दुधाळीसारख्या रेंजवर किंवा एखाद्या क्लबमध्ये जा, तिथली रायफल वापरा. पैसे असतीलच तर आधी जॅकेट आणि बूट घ्या, कारण ते अंगाच्या मापाचेच लागतात. उभ्यानं पाठीला आधार देतं ते कॅनव्हासचं ताठ जॅकेट. तेही नियमानं मोजतात, एका थराची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. पहिले काही आठवडे प्रशिक्षक पेलेट देणारच नाहीत, रिकामी रायफल धरून कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडं बघायला लावतील. पोरं वैतागतात. काही सोडून जातात. जी राहतात त्यांना कधीतरी चार-पाच वेगवेगळ्या रायफली हाताळायला मिळतात, आणि तेव्हा कुठली घ्यायची हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.